हिरव्या बसची वाट पाहणाऱ्यांकडून

प्रति,
मा. सभापती व सदस्य, परिवहन समिती,
मा. परिवहन व्यवस्थापक,
आणि ज्यांच्या सहीने आमच्या शहरात बस येते किंवा येत नाही, ते सर्व.

विषय : सकाळी ६.१० ची बस.

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुम्ही नव्या इलेक्ट्रिक बसगाड्यांचं लोकार्पण केलंत, त्या समारंभाला मी हजर होते. आमंत्रण नव्हतं. मंडईसमोरचा चौक मांडवासाठी बंद केला होता, त्यामुळे आमची बस तिकडे फिरकणार नव्हती आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आम्ही पंधरावीस जण रस्त्यापलीकडच्या थांब्यावर उभे राहून तुमचा कार्यक्रम पाहत होतो. गाड्यांच्या तोंडाला झेंडूच्या माळा, काचेवर हळदीकुंकवाची बोटं, पुढच्या चाकाखाली लिंबू. नारळ फुटला, हिरवा झेंडा हलला, टाळ्या झाल्या. गाड्या मैदानाला एक चक्कर मारून परत मांडवाशी येऊन उभ्या राहिल्या. एसी चालू, आत कुणी नाही. माझ्या शेजारी कोथिंबिरीची पाटी घेऊन उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "त्यातली एक इकडं सोडा म्हणावं, न्हायतर भाजी हितंच इकते मी." शेवटी आम्ही चौघींनी मिळून शेअर रिक्षा केली.

पत्र त्याच दिवशी लिहायला घेतलं होतं. पण तेव्हाच्या रागात त्याचं निवेदन झालं असतं, आणि निवेदनांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. त्यावर आवक क्रमांक पडतो. म्हणून थोडे दिवस जाऊ दिले.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी सात वाजता उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं बाकावर बसलेली असतात. त्यात मधुमेहाची पुष्कळ, आणि त्यांना ताटकळत ठेवलं की चक्कर येते. म्हणून ६.१० ची बस ही माझ्यापुरती चैनीची गोष्ट नाही. गेली अठरा वर्षं मी ती पकडते आहे. खरं तर पकडायला धावते आहे. आणि माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, परिवहनातच वाहक होते. पत्र्याची तिकीटपेटी, त्यात रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या, पंचची टिकटिक, घरी आल्यावर दिव्याखाली बसून वेबिल, म्हणजे तिकीटविक्रीचा तक्ता, आणि सुट्टे यांचा ताळा जुळवणं, हे पाहत आम्ही भावंडं मोठी झालो. त्यामुळे बसबद्दल मी जे बोलते ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलते, हे आधीच सांगून ठेवते.

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की बाकीच्या शहरांतले तुमच्यासारखे लोक सुटकेचा श्वास सोडतील, 'हे तर त्यांच्याकडचं' म्हणून. महाराष्ट्रात ज्या ज्या महापालिकेची स्वतःची बससेवा आहे त्या प्रत्येकाने रिकामी जागा स्वतःच्या नावाने भरावी.

आता पहिला गैरसमज दूर करते. इलेक्ट्रिक बसला माझा विरोध नाही. उलट मी तिच्यावर खूश आहे. पहिल्यांदा बसले तेव्हा शेजारच्या आजोबांनी दोनदा विचारलं, "चालू झाली का गाडी?" खिडकीची काच थरथरत नव्हती, सीटखालून धडधड येत नव्हती, फोनवर बोलणाऱ्याला ओरडावं लागत नव्हतं. अण्णांच्या काळच्या गाड्यांचं इंजिन पुढे, चालकाच्या डाव्या पायाशी असायचं. त्यावरच्या झाकणाला सगळे बॉनेट म्हणत, आणि गर्दीत बायका त्यावर पिशव्या ठेवत. मे महिन्यात ते असं तापायचं की एका चालककाकांनी गोणपाट ओलं करून त्यावर अंथरलेलं मी पाहिलंय. त्या माणसांनी तीस-तीस वर्षं तिथे बसून काढली. त्यांच्या कानांचं आणि गुडघ्यांचं काय झालं हे कुठल्याही डेपोतल्या निवृत्तांच्या मेळाव्यात जाऊन पाहावं. तेव्हा धूर, धडधड आणि ती भट्टी गेली तर सगळ्यात आधी अण्णा साखर वाटतील.

शिवाय विजेवरची सार्वजनिक गाडी ही आपल्याकडे कालपरवाची गोष्ट नाही. मुंबईत ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची धावून बंद झाली. मध्ये १९६२ ते १९७१ तिथे ट्रॉलीबसही होत्या. म्हणजे ज्याचं उद्घाटन करताना 'नव्या युगाची पहाट' वगैरे बॅनरवर छापलं, ते युग आपण एकदा गुंडाळून ठेवलेलं आहे. हे टोमणा म्हणून नाही, आठवण म्हणून सांगते. चांगली गाडी आणली म्हणजे ती टिकतेच असं नाही.

माझं म्हणणं वेगळंच आहे. तुम्ही बस मोजता ती खरेदीत. आम्ही मोजतो थांब्यावर.

मोजपट्टी माझ्या मनची नाही, सरकारचीच आहे. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीसाठी सेवेचे मापदंड ठरवून दिलेले आहेत. हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा त्याहून जास्त बस असतील तर पहिली श्रेणी, म्हणजे लाखामागे ६०. ०.२ च्या खाली गेलात तर चौथी, शेवटची. तसंच प्रवाशाला थांब्यावर सरासरी ४ मिनिटांपर्यंत थांबावं लागत असेल तर पहिली श्रेणी, १० मिनिटांच्या वर गेलं की चौथी. पाचवी श्रेणीच नाही. पस्तीस मिनिटं कुणी उभं राहत असेल हे तो तक्ता करणाऱ्याच्या मनात आलंच नसावं. आमच्या दहा लाखांच्या शहराला या हिशेबाने सहाशे बस हव्यात. तुमच्या ताफ्यात किती आहेत आणि त्यातल्या सकाळी डेपोच्या फाटकाबाहेर किती पडतात, हे दोन आकडे तुम्ही कुठेही लावलेले मला दिसले नाहीत. लावलेला आकडा एकच, 'दाखल झालेल्या पर्यावरणपूरक बस'.

दाखल किती झाल्या ते कळतं. भंगारात किती गेल्या ते कळत नाही. वजाबाकी तिसरीत शिकवतात.

मुंबईचं उदाहरण घ्या, कारण तिथले आकडे पेपरात येत राहतात. बेस्टचा ताफा एकेकाळी साडेचार हजारांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तो तीन हजारांच्याही खाली होता, आणि त्यातही बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या थोड्या, बाकी ठेकेदारांच्या. डबलडेकरचं तर बघाच. कधीकाळी तिथे अशा नऊशेच्या घरात गाड्या होत्या. १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची डिझेल डबलडेकर निघाली तेव्हा लोकांनी फुलं वाहिली, फोटो काढले, काहींचे डोळे भरून आले. तिच्या जागी वातानुकूलित इलेक्ट्रिक डबलडेकर आल्या. सुंदर आहेत, मी पाहुण्यांकडे गेले होते तेव्हा मुद्दाम बसले. पण २०० मागवल्या होत्या आणि दोन-अडीच वर्षांत रस्त्यावर आल्या ५० च्या आसपास. सुंदर असून ती पन्नासच असेल तर उरलेल्या थांब्यांवरच्या माणसाने काय तिचं पोस्टर लावून घ्यायचं?

एसटीची तीच तऱ्हा. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली, म्हणून १ जून २०२२ ला पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई' त्याच मार्गावर सोडली. छान सुचलं होतं ज्याला सुचलं त्याला. पुढे ५,१५० इलेक्ट्रिक बस भाड्याने घेण्याचा करार झाला. गाड्या ठरल्या वेळेत आल्याच नाहीत, आणि मे २०२५ मध्ये करार रद्द करण्यापर्यंत गोष्ट गेली. दरम्यान जुन्या लालपरींचं वय वाढतच होतं. गावाकडच्या थांब्यावर उभ्या असलेल्या पोरीला त्या पाच हजार एकशे पन्नासचं काय कौतुक असणार? तिला कॉलेजच्या वेळेची एक पाहिजे असते.

आता करारांबद्दल. हा भाग मला अण्णांनी समजावला, कारण त्यांच्या वेळी असं नव्हतं आणि त्यामुळेच त्यांना त्यातली गोम लगेच कळली. १६ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली. १०,००० बस, एकूण ५७,६१३ कोटींचा अंदाज, त्यात केंद्राचे २०,००० कोटी, आणि चालवण्यासाठी दहा वर्षं मदत. बस खासगी कंपनीची, चालक तिचा, आणि महापालिकेने द्यायचे किलोमीटरमागे पैसे. योजनेआधीपासूनही बहुतेक शहरांत भाड्याच्या बसगाड्यांचा असाच करार असतो. एका बसला कोटीभर आणि वर रुपये पडतात, महापालिकेकडे ते एकरकमी नसतात, तेव्हा हा मार्ग निघाला हे मला समजतं. पण अण्णांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "यात माणूस कुठंय?"

खरंच नाही. गाडी किती किलोमीटर पळाली यावर बिल. थांब्यावर थांबली का, वीस माणसं घेतली की रिकामी गेली, ६.१० ला आली की ६.४७ ला, याचा बिलाशी असलाच तर दंडाच्या कलमापुरता संबंध, आणि तो दंड बसतो का हे तुम्हालाच माहीत. गर्दीचा थांबा आला की थांबण्यात वेळ जातो, फेरी चुकते, किलोमीटर बुडतात. मग उड्डाणपुलावरून थेट गेलेलं बरं. आमच्या थांब्यावरून गाडी दुसऱ्या-तिसऱ्या लेनमधून सरळ निघून जाते, आणि हात केलेल्या बायका तशाच हात वर करून उभ्या राहतात. यात चालकाला शिव्या देऊन उपयोग नाही. त्याला पगार देणारा ठेकेदार, ड्युटी लावणारा तिसराच, आणि लोकांच्या शिव्या खाणारा तो एकटा. मुंबईत ऑगस्ट २०२३ मध्ये ठेकेदारांच्या चालकांनी पगारासाठी आठवडाभर काम बंद ठेवलं तेव्हा रस्त्यावर अडकलेल्या प्रवाशाला पहिल्यांदा कळलं की बसवर नाव एकाचं आणि मालकी दुसऱ्याची आहे. काही ठेकेदार तर मध्येच गाशा गुंडाळून गेले. प्रशिक्षणाचंही तेच. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात भाड्याची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली, माणसं गेली, आणि त्यानंतर चालकांना या गाड्यांवर किती दिवस शिकवलं जातं हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. आधी कुणी विचारला होता?

अण्णांचं एक वाक्य आहे. थांब्यावर कुणी म्हणालं, "आज बस आलीच नाही," की ते म्हणायचे, "आली नाही असं काही नसतं हो. सोडली नाही, असं असतं." गाडी डेपोतून कुणीतरी सोडावी लागते. न सोडण्याचाही कुणीतरी निर्णय घेतं. ड्युटीवर चालक नाही, गाडी दुरुस्तीला, फेरी कट. नोंदवहीत त्याची एक ओळ होते. थांब्यावर मात्र ती ओळ कुणी वाचून दाखवत नाही.

नव्या गाड्यांनी एक नवं कारण आणलंय, चार्जिंग. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान आमच्या मार्गावर फेऱ्यांना मोठी खिंड पडलेली आहे. डेपोतल्या एकाने सांगितलं, गाड्या चार्जिंगला जातात, चार्जर कमी, गाड्या जास्त, रांग लागते. शाळा सुटते साडेबाराला. म्हणजे पोरांनी दप्तरं घेऊन तीनपर्यंत कुठे जायचं हा प्रश्न पालकांचा. स्टेशन ते एमआयडीसी हा लांबचा मार्गही मध्येच तोडून दोन केले, 'बॅटरी पुरत नाही' म्हणून. आता मध्ये उतरायचं, दुसरी पकडायची, दोन तिकिटं काढायची. बाराशे-पंधराशेच्या पगारवाढीसाठी भांडणाऱ्या कामगाराला त्या दुसऱ्या तिकिटाचा महिन्याचा हिशेब तोंडपाठ असतो. हे सगळं सुटण्यासारखं आहे. वाटेत, शेवटच्या थांब्यावर, चार्जर लावता येतात. आधी डेपोची वीज वाढवून मग गाड्या आणता येतात. पण विजेच्या खांबाचं लोकार्पण करायला कोण येणार?

आता हिरवेपणाचा हिशेब. मी विज्ञान शाखेची, म्हणून एवढी हौस करते. जुनी डिझेल बस शहरात लिटरला साडेतीन किलोमीटरच्या आसपास जाते. पेट्रोलची स्कूटर जाते पंचेचाळीस. म्हणजे त्या खटारा बसमध्ये तेरा माणसं बसली की डोईमागे इंधनात ती स्कूटरच्या बरोबरीला आली. पन्नास बसली की स्कूटरच्या कितीतरी पुढे. आता तुमची एसी इलेक्ट्रिक बस. तिला किलोमीटरला साधारण सव्वा युनिट वीज लागते. इलेक्ट्रिक स्कूटर एका युनिटात तीसेक किलोमीटर जाते. करा भागाकार. त्या बसमध्ये अडतीस-चाळीस माणसं असतील तेव्हा कुठे ती एका माणसाच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बरोबरीला येते. लोकार्पणाच्या दिवशी ती मैदानात फिरली तेव्हा आत चालक होता आणि बहुधा एक फोटोग्राफर. आणि आपल्या देशातली वीज अजूनही चारातली जवळजवळ तीन युनिटं कोळशावरची आहे, तेव्हा धूर गेला कुठे? चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांवर.

यावर तुम्ही म्हणाल, चौकातला धूर तर कमी झाला ना. झाला. आणि तो मला हवाच आहे, माझ्या पांढऱ्या एप्रनची कॉलर संध्याकाळपर्यंत काळी होते. पण चौकात बसचा धूर होता किती आणि स्कूटर-मोटारींचा आणि रिक्षांचा किती? बसने धूर सोडायचं थांबवलं, आणि त्याच वर्षी बसमधली शंभर माणसं उतरून शंभर दुचाक्यांवर बसली, तर चौकाला काय मिळालं? एक शांत बस आणि तिच्यापुढे शंभर हॉर्न.

हे घडतंय, कल्पना करून सांगत नाही. आमच्या लॅबमध्ये एक पोरगी आहे, तेवीस वर्षांची. दोन वर्षं माझ्यासोबत ६.१० ला उभी राहायची. तीनदा उशिराचा मेमो मिळाल्यावर तिने कर्ज काढून स्कूटर घेतली. पगाराचा एक लचका हप्त्यात, वर पेट्रोल. पावसाळ्यात दोनदा घसरली, कोपराला टाके पडले. तिला स्कूटर नको होती. ती मला म्हणाली, "ताई, बस वेळेवर आली असती ना, तर मी तेवढ्यात खिडकीत बसून डुलकी काढली असती." तिची डुलकी गेली, तुमचा एक पासधारक गेला, आणि रस्त्यावर एक गाडी वाढली. मग सभेत अहवाल येतो, 'सदर मार्गावर प्रवासीसंख्या घटल्याने फेऱ्या कमी करण्यात येत आहेत.' फेऱ्या कमी होतात म्हणून अजून चार जणी स्कूटर घेतात. पुन्हा अहवाल. स्कूटर घेता येत नाही त्या उरतात. धुणीभांडी करणाऱ्या, पाटीवाल्या, म्हातारी माणसं, आणि माझ्यासारख्या, ज्यांना गाडी चालवायची भीती वाटते. ही कबुलीही देऊन टाकते.

तिकीटवाढीबद्दल थोडंच. मुंबईत ९ मे २०२५ ला किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं, पुण्यातही जूनपासून टप्पे बदलले. आरडाओरड झाली, रास्तच होती, कारण पाच रुपयांनी हजारो लोक परत बसमध्ये आले होते. पण थांब्यावर कान देऊन ऐकलं तर दहा रुपयांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. शेअर रिक्षाला आम्ही वीस-तीस देतोच की रोज. दहा रुपये न आलेल्या बसचे वाटतात, तेव्हा महाग वाटतात.

आणि थांबा! कोटीच्या बसला थांबायला जागा कसली आहे ते कधी उतरून पाहिलंत? आमच्या थांब्याला छप्पर आहे, त्यावर एका नव्या मोटारीची जाहिरात आहे, बाकड्याच्या जागी दोन गंजलेले बोल्ट आहेत. पाटीवर 'बस थांबा' एवढंच लिहिलंय. कुठली बस, कुठे जाते, केव्हा येते, काही नाही. शेजारी डिजिटल फलक बसवलाय, तो गेले कित्येक महिने फक्त तापमान आणि 'आपले स्वागत आहे' दाखवतो. ॲपवर बस दिसते, दोन मिनिटांवर, एक मिनिटावर, मग ती थांबा ओलांडून पुढे गेलेली दिसते आणि रस्त्यावर काहीच नसतं. थांब्याच्या तोंडावर रिक्षांची रांग, म्हणून बस थांबते रस्त्याच्या मधोमध, आणि तिची खालची पायरी, जिच्यासाठी एवढे पैसे मोजले, ती फुटपाथपासून दोन लेन लांब. पलीकडच्या इमारतीतल्या काकू, ज्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालीय, त्या आता उतरताना काठी आधी रस्त्यावर टेकवतात, मागून मोटारसायकल येत नाही ना ते बघतात, मग पाय. लो-फ्लोअरचा सगळा फायदा तिथे सांडतो.

तुम्ही विचाराल, मग काय करू. मी नियोजनकार नाही, पण काही गोष्टी सांगायला नियोजनकार असण्याची गरज नाही. नवी गाडी रस्त्यावर आल्याशिवाय जुनी भंगारात काढू नका. जिची मुदत कायद्याने संपली तिचा इलाज नाही, पण मुदत कधी संपणार हे गाडी घेतली त्याच दिवशी माहीत असतं, ते अचानक येणारं संकट नाही. ठेकेदाराच्या बिलात वेळेवर पोहोचलेली फेरी आणि थांब्यांवर थांबल्याची नोंद धरा. गाड्यांना जीपीएस आहे, तिकीट मशीन आहे, सगळं तुमच्याच संगणकात पडलेलं असतं. पुढच्या लोकार्पणाला बॅनरवर बसची संख्या लिहू नका. लिहायचंच तर 'अमुक मार्गावर सकाळी दर ८ मिनिटांनी' असं लिहा, आणि खाली जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा. तसं बॅनर लावलंत तर चौकात त्याच्या बाजूला उभं राहून मी सेल्फी काढीन. आणि बससाठी वेगळी लेन. पुण्यात ती बीआरटी नावाने सुरू झाली आणि पुढे जागोजागी मोडीत निघाली, ते बघून कुणाचीच हिंमत होत नाही, ठाऊक आहे. पण सगळी नाही तरी स्टेशनपासून मंडईपर्यंतची एक सकाळचे तीन तास मोकळी ठेवून बघा. इलेक्ट्रिक बस कोंडीत उभी राहिली की तिची बॅटरी एसीवरच उतरते, हे तरी तुमच्या ठेकेदाराने सांगितलं असेलच.

निवडणुका नव्हत्या त्या काळात प्रशासकांकडे जायचो, ते म्हणायचे धोरणात्मक निर्णय सभागृह आल्यावर. सभागृहाकडे गेलं की ते म्हणतं प्रशासनाने अहवाल दिला पाहिजे. हा चेंडू आम्ही पुष्कळ वर्षं पाहतोय, आता तो कुणीतरी हातात धरावा.

एक विनंती राहिली. आम्ही थांब्यावरच्या पाचसहा जणींनी लॅबमधली एक जुनी, अर्धी कोरी नोंदवही घेतली आहे. जी पहिली येईल तिने तारीख लिहायची, बस किती वाजता यायला हवी होती आणि किती वाजता आली ते लिहायचं, आणि न थांबता गेली तर पुढे फुली मारायची. अण्णांनी रकाने आखून दिलेत, वेबिलासारखे, लाल पेनाने. वही समोरच्या चहाच्या टपरीवर असते. एक सोमवार तुमच्यापैकी कुणी सकाळी सहाला, सरकारी गाडी घरी ठेवून, तिथे यावं. त्या दिवसाची नोंद तुमच्या अक्षरात हवी आहे. चहा माझ्याकडून. दहाची सुट्टी नोट मात्र आणा, वाहकाकडे सुट्टे नसतात.

कळावे,
आपली,
६.१० ची एक प्रवासी